आईचं अळणी ताट

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे, गेल्या गुरुवारपर्यंत नव्हतं सांगितलं. तेरा वर्षं पोटात ठेवलं, आणि बाहेर पडायला निमित्त काय, तर माझाच एक गाढवपणा.

आमच्या फाउंड्रीत मी अर्ज लिहून देणारा म्हणून प्रसिद्ध आहे. रजेचा अर्ज, बदलीचा अर्ज, साहेबांची माफी मागणारा अर्ज. ‘सविनय’ हा शब्द मी असा काही लिहितो म्हणे, की वाचणाऱ्याला सही केल्यावाचून राहवत नाही. (बायको म्हणते, हा शब्द घरात कधी ऐकला नाही.) तर महिन्यापूर्वी आमच्या खात्यातल्या बबनचा अर्ज लिहायला बसलो. बबनला खोकला आहे. कंपनीच्या डॉक्टरनं आपल्याला अनफिट ठरवावं आणि आपल्या जागेवर मुलाला घ्यावं, अशी त्याची इच्छा. कँटीनमध्ये चहाच्या सुट्टीत मी एका बैठकीत अर्ज हातावेगळा केला आणि ऐटीत बबनपुढे सरकवला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला आणि टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, “राव, ह्यात तर तुज्या बापाचं नाव हाय! बापाला दोनदा अनफिट करतोस व्हय? एकदा करून भागलं न्हाई?”

सगळे हसले. मीही हसलो — वेळेवर हसणं ही एवढी एकच कला मला येते — आणि हसता हसता अर्धा कप चहा शर्टावर ओतून घेतला. बबनचा काय दोष? त्यानं आपली थट्टा केली. त्याला कुठं माहीत होतं, की तो अक्षरशः खरं बोलतोय?

सांगतो. पण सरळ रेषेत सांगता येईल असं वाटत नाही.

माझे वडील, आप्पा, खेडकडच्या गावातून आले आणि बासष्ट साली याच फाउंड्रीत लागले. भट्टीतून वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतायचं, हे काम. पाच-सहा वर्षांनी एकदा ओतायचं भांडं कललं आणि रस त्यांच्या डाव्या पावलावर आला. तो पाय मी पाहिला होता, त्यामुळे त्यांना दुखत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एका डॉक्टरनं त्यांना पेथिडीन सुरू केलं, दुखणं मारणारं आणि अफूसारखी सवय लावणारं इंजेक्शन. दुखलं की टोचून घ्या, म्हणाला. किती दिवस, ते नाही म्हणाला. तीन महिन्यांत पाय बरा झाला. माणूस गेला.

मला आजही संताप येतो तो याचा. दारुड्याला लोक निदान दारुडा म्हणतात. त्याच्या बायकोची कीव करतात, त्याला दारात उभं करत नाहीत. आप्पांना सगळे ‘आजारी’ म्हणत. समाचाराला येत, मोसंबी आणत! आणि आई आतल्या खोलीत काचेची सिरिंज उकळत असे, कारण न उकळता टोचली की दंडाला गळू होतं. चहाचं पातेलं वेगळं, सुईचं पातेलं वेगळं — असलं हे आमचं सोवळं. डॉक्टरनं पुढं हात वर केले, तेव्हा त्याच्याच कंपाउंडरनं मागच्या दारानं द्यायला सुरुवात केली. आई त्याच्याकडे जाऊन रडली. तो म्हणाला, “वहिनी, मी नाही दिलं तर दुसरा देईल.” काय बिनतोड उत्तर! जगातली सगळी पापं या एका वाक्यावर चालतात.

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, पाहायला पाहुणे आले, तेव्हा आप्पा पोह्यांच्या बशीत हनुवटी टेकवून झोपले. पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही. त्याच्या आधीपासूनच चाळीतल्या सामाईक संडासात ते तासतास कडी लावून बसायचे आणि बाहेर रांगेतली माणसं दार बडवायची. मग सुमन शाळेच्या गणवेशात उभी राहून सांगायची, “आप्पांना बरं नाहीये, काका.” सोळा वर्षांची पोर. पुढं तिला तळेगावचा एक बिजवर मिळाला. त्या लग्नात ती हसली नाही, हे फोटोतही दिसतं.

आणि मी? मी त्याच कंपनीत टेम्पररी होतो. आमच्या भागात राहणाऱ्यांना टेम्पररी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सहा महिने काम द्यायचं, आणि माणूस कायम व्हायच्या आत त्याला ‘ब्रेक’ देऊन घरी पाठवायचं. मग पुन्हा गेटवर. काम तेच, मशीन तेच, घाम तोच, फक्त माणूस दर वेळी नवा समजायचा. सत्तर साली माझा तिसरा ब्रेक चालू होता. चिंचवडच्या एका शिक्षकांची मुलगी, शैला, मला सांगून आली होती. आम्ही एकमेकांना पसंत होतो. तिचे वडील सज्जन माणूस. त्यांनी एवढंच सांगितलं, की मुलगा पर्मनंट झाला की याद्या करू.

आता कंपनीत एक रीत होती, अजून आहे. कायम कामगार मेडिकली अनफिट ठरला तर त्याच्या एका मुलाला कायम घ्यायचं. बापाचं कार्ड निघतं, त्या खाचेत मुलाचं बसतं.

दिसली ना तुम्हाला दिशा? मलाही दिसली होती. पण मधे आई आली.

आईनं काय केलं, तर आप्पांना उचलून माहेरी, मोशीला, भावाच्या मळ्यात नेऊन ठेवलं. घरातली सिरिंज वरवंट्यानं फोडली. आणि ग्रामदेवतेपुढं बोलली, की हे कामावर परत जाऊन पहिलं कार्ड पंच करतील, तोवर मी मीठ खाणार नाही. पहिले दहा दिवस आप्पा खाटेवर पाय झाडत होते, ओकत होते, आईला नको त्या शिव्या देत होते. मामा त्यांना धरून बसे. आई अळणी भाकरी खाई आणि त्यांच्या अंगावरचा घाम पुसत राही. सात आठवडे. सातव्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा आप्पा मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी बसून स्वतःचा खाकी गणवेश धूत होते. गालांवर मांस आलेलं. मला बघून हसले आणि विचारलं, “बिडाचा वास अजून तसाच येतो का रं?” मग म्हणाले, “मी लागलो ना पुन्यांदा, की सायबाच्या पाया पडून तुजंबी बघतो.”

हे वाक्य मी ऐकलं. माझ्या कानांत काही बिघाड नव्हता. तरी पुढचं मी केलं.

सोमवारी त्यांची मेडिकल होती, कामावर परत घ्यायच्या आधीची तपासणी. शनिवारी आई-आप्पा घरी आले. चाळीत कौतुक झालं, आईनं सगळ्यांना गूळ वाटला. रविवारी सकाळी मी भाजी आणायला बाहेर पडलो — पिशवी होती हातात, मेथी आणलीसुद्धा — आणि कंपाउंडरच्या मागच्या दाराशी गेलो. तो एवढंच म्हणाला, “परत लागली का?” मी मान हलवली. होकारार्थी. आप्पा तेव्हा घरी शेजाऱ्यांना मोशीच्या वांग्यांबद्दल सांगत होते.

दुसरी एक सिरिंज आप्पांनीच कधीतरी माळ्यावर लपवली होती. आईला ती सापडली नव्हती. मला ठाऊक होती. मी ती काढली. आप्पांचा दाढीचा पत्र्याचा डबा होता. मोशीत गावचा न्हावी दाढी करायचा, त्यामुळे डबा घरीच राहिला होता, दोन महिने कोणी उघडला नव्हता. मेडिकलच्या सकाळी ते तो उघडणार, हे मला माहीत होतं. वस्तऱ्याखाली ठेवलं, सिरिंज आणि कंपाउंडरनं दिलेली कुपी. जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, म्हणजे जुनं वाटावं. इतकं डोकं चाललं माझं! एरवी बबनच्या अर्जात बापाचं नाव लिहिणारा माणूस मी, पण त्या दिवशी एक चूक नाही केली.

मी त्यांना टोचलं नाही. मी फक्त ठेवलं. ‘फक्त’ हा शब्द मी बरीच वर्षं वापरला. डॉक्टरनंही फक्त लिहून दिलं होतं. कंपाउंडरनंही फक्त विकलं होतं.

सोमवारी सकाळी आप्पा आरसा घेऊन मोरीत गेले. गुणगुणत होते. मग गुणगुणणं थांबलं. बराच वेळ काहीच आवाज नाही. मी बाहेर बसून पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर डोळ्यांसमोर धरला होता. मला हाक मारता आली असती. एक हाक, ‘आप्पा, उशीर होतोय’ — बस. काय गेलं असतं माझं? मी मारली नाही. मी पान उलटलं.

ते बाहेर आले. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर साबण वाळत चाललेला. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. आईच्या हातात तांब्या होता. तिनं तो खाली ठेवला, आवाज न करता. तेव्हापासून ती त्यांच्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली.

मी त्यांना दंडाला धरून मेडिकलला नेलं. आज्ञाधारक मुलगा! बाही वर केल्यावर डॉक्टरनं दंड पाहिला, चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, अनफिट लिहून टाकलं. पंधरा दिवसांनी मी अर्ज केला. ‘सविनय सादर, की माझे वडील कामास असमर्थ ठरल्याने…’ तो माझा पहिला अर्ज. अक्षर फार सुंदर आलं होतं.

आणि आप्पा? त्यांनी कोणावर संशय घेतला नाही. म्हणाले, “माजीच कुटंतरी ऱ्हायली आसंल. त्या दिसांतलं मला कुटं समदं आठवतंय.” आपल्या हातानं आपण लपवली, हे त्यांनी मान्य करून टाकलं. माझा गुन्हा त्यांनी स्वतःच्या अंगावर घातला, आणि मी घालू दिला. वर चाळीत सांगत फिरले, माझ्यामुळं का होईना, पोराचं भलं झालं. तीन वर्षांनी दंडाचं गळू चिघळून, विष अंगभर पसरून गेले. दहाव्याला लोक मला म्हणाले, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी हात जोडले. हात जोडायला मला कधीच अडचण आली नाही.

आईनं त्यांचा फोटो घरात लावू दिला नाही. आजही नाही. सात आठवडे तिनं त्यांना मरणातून ओढून आणलं आणि त्यांनी एका सकाळी ते मातीत घातलं, असं ती मानते. आणि मीठ? पहिलं कार्ड पंच झालंच नाही. तेरा वर्षं ती अळणी खाते आहे. रोज, माझ्यासमोर. माझं ताट तिच्या शेजारी असतं. मी भाजीत मीठ कमी पडलं, तर मागून घेतो.

मी नसतं ठेवलं, तरी ते कधीतरी परत सुईकडे वळलेच असते, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. वळले असते? नसते? मला माहीत नाही. ते माहीत व्हायची सोयच मी ठेवली नाही. कंपनी ब्रेक देत होती, डॉक्टर बेफिकीर होता, कंपाउंडर नीच होता — माझा राग खरा आहे आणि तिघांनाही तो लागू आहे. पण तिघांपैकी कोणीही माझा हात धरून त्या डब्यापर्यंत नेला नव्हता. कंपाउंडरला मी तेरा वर्षं शिव्या देतोय. त्या रविवारी त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून कोण गेलं होतं?

आमच्या भागात गुरुवारी सगळ्या कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी, म्हणून गेल्या गुरुवारी दुपारी मी घरी होतो. शैला वांग्याची भाजी करत होती. मीठ घालायच्या आधी तिनं आईचा वाटा वाटीत काढला, तेरा वर्षं काढते तसा. बबनचं वाक्य महिनाभर डोक्यात होतंच. मी ओट्याजवळ उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं. मेथीसकट. आई बाहेरच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. मी इतका हळू बोलत होतो, की शैलाला दोनदा “काय?” म्हणावं लागलं.

तिनं एकच विचारलं, “माझ्यासाठी केलंत?”

‘हो’ म्हणालो असतो तर जरा बरं दिसलं असतं. “नाही,” म्हणालो. “माझ्यासाठी.”

तिनं स्टोव्ह बंद केला. भाजीत मीठ घालायचं राहिलंच होतं, ते घातलं, ढवळलं. मग ती अळणी वाटी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “आईंना आज तुम्ही वाढा. आणि त्यांनी पहिला घास घ्यायच्या आत सांगा.”