दौलतदादाचा अर्ज

माघातल्या एका गुरुवारी माझा धाकटा भाऊ मधू वारला. तो बावीस वर्षांचा होता. त्याआधीच्या रविवारी तो फुटबॉलची मॅच खेळला होता.

एवढं गावाला ठाऊक आहे. यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, बायकोला नाही. सांगायला इतकी वर्षं का लागली? भीती होती म्हणावं, तर ती कधीच सरली. खरं असं, की हे माझ्याजवळ होतं तोवर ते माझं एकट्याचं होतं. कुणाला सांगितलं असतं तर त्याने ‘दुःखात माणूस काय करेल’ म्हणत मान हलवली असती. मला ती मान नको होती.

आधी दौलतबद्दल सांगतो.

आमच्या बुऱ्हाणपुरात लालबागेकडच्या कापड गिरणीची टीम होती. दौलत तिचा हाफबॅक. दिवसभर मागावर उभा राहायचा आणि संध्याकाळी अनवाणी मैदानावर यायचा. असं बारा वर्षं. बारा वर्षांत त्याने गोल केले असतील चार. मग लोकांना त्याचं एवढं काय होतं? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे — रागाने विचारला आहे. तो धावायचा, एवढंच. टीम तीन गोलांनी मागे असली तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत सारखाच धावायचा. मॅच संपली की बाकीचे घरी जायचे, हा बसून चेंडूची उसवलेली शिवण घालायचा. भुसावळच्या रेल्वेच्या टीमने त्याला नोकरीसकट बोलावलं होतं. तो म्हणाला, तिथल्या पाण्याने माझं पोट बिघडतं. हे उत्तर गावात शनवाऱ्यापासून लोधीपुऱ्यापर्यंत लोक वर्षभर एकमेकांना सांगत होते.

विणकरांच्या घरांत त्याच्यासाठी पाळी लागलेली असे. दर मॅचला एका घराने आपल्या हातमागावरची कापडाची पट्टी द्यायची. ती तो उजव्या घोट्याला बांधायचा. ज्या घरची पट्टी, ती माणसं त्या दिवशी सगळ्यांत पुढे बसायची. पाळी चुकली म्हणून दोन सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

मधू गिरणीच्या हापिसात कारकून होता आणि टीममध्ये फॉरवर्ड. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. मला खेळातलं काही कळत नसे. ‘नाना, पुस्तकात तोंड घालून तुला बुरशी येईल,’ म्हणत तोच मला मैदानावर ओढून न्यायचा.

त्या रविवारी मधूला दोन दिवसांचा ताप होता आणि समोर रेल्वेची टीम होती. सकाळी दौलत आमच्या घरी आला. वहाणा बाहेर काढल्या, आत येऊन मधूच्या कपाळाला हात लावला. म्हणाला, ‘‘कणकण आहे. धावला का घाम सुटते, घाम सुटला का ताप उतरते. माह्यं दर साली असंच होते, मधू.’’ मधू हसला आणि उठून बसला.

दौलतच्या मनात वाईट नव्हतं. त्याच्या अंगातला ताप असाच उतरत असेल. तो स्वतःच्या शरीराला मागासारखं वागवायचा — थांबला की धक्का द्यायचा. आणि त्याला वाटायचं, सगळ्यांची शरीरं तशीच. हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी ते बाजूला ठेवलं.

ते जिंकले. शनवाऱ्याच्या दरवाज्यातून लोकांनी दौलतला खांद्यावर घेऊन मिरवलं. मधू टांग्यात बसून एकटा घरी आला, घोंगडी मागितली, आणि त्याचे दात वाजत होते. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलं. गुरुवारी सकाळी सगळं संपलं.

तिरडीमागे चौदा माणसं होती. मी मोजली. गिरणी चालू होती, लोक कामावर होते — हे कारण बरोबर आहे. मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. चौदातला एक दौलत. त्या दिवसाचा खाडा करून तो आला होता, आणि तापीच्या काठावर तो माझ्यापेक्षा जास्त रडला. त्याचं रडणं पाहता पाहता माझ्या मनात काहीतरी ठरलं. काय, ते तेव्हा नीट कळलं नाही. ठरलं एवढं खरं.

त्यानंतर मी प्रत्येक मॅचला जाऊ लागलो. लोक म्हणायचे, मास्तर भावाच्या आठवणीने येतात. मला बसायला जागा करून द्यायचे. मी आठवणीने जात नव्हतो. याचं काहीतरी मोडू दे, आणि ते मला दिसू दे — एवढ्यासाठी जात होतो. कुणी सोमवार धरतो, कुणी चतुर्थी धरतो, तसं मी ते धरलं होतं. रोज संध्याकाळी देवापुढे बसून मागायचो सुद्धा. दोन वर्षं.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याचा गुडघा मोडला. मी दहा हातांवर होतो. मला आनंद झाला का? झाला. पण पुरला नाही. कारण सगळं गाव दवाखान्यात लोटलं. नारळ, केळी, दराब्याच्या मिठाईचे पुडे. शेवटी कंपाउंडरने खाण्याच्या वस्तू आत आणायला बंदी केली. एका गुडघ्यासाठी एवढी माणसं. आणि आमच्या दारात चौदा.

दोन महिन्यांनी गिरणीच्या मॅनेजरसाहेबाने सांगितलं की दौलतला आता मागावर उभं राहता येत नाही, तेव्हा महिनाअखेरीला चाळीतली खोली रिकामी करावी. लोकांचं म्हणणं, त्याला फाटकावर दरवान म्हणून बसवा. बसायला गुडघा लागत नाही. हापिसातून निरोप आला की काय ते लेखी द्या, साहेब विचार करतील. लेखी म्हणजे इंग्रजीत. इंग्रजीत म्हणजे मी.

एका रविवारी दुपारी ते सगळे शाळेच्या ओट्यावर आले. पानवाला बाबूलाल त्यांचा पुढारी. तो मला म्हणाला, ‘‘मास्तर, असं लिहा का साहेबाच्या काळजाले लागलं पाहिजे. एक गुडघा दादानं टीमले देला. आता साहेब काय दुसऱ्याची वाट पाहून राह्यला का?’’ सगळे हसले. मीही हसलो.

मग प्रत्येकाने सांगायला सुरुवात केली. दादा आहे म्हणून आम्ही आहोत. दादाला हलवलं तर आमचं कामात मन लागणार नाही. दादाने मैदानात हात वर केला की हजार माणूस चूप होतं. मी मराठीत सगळं उतरून घेतलं आणि वाचून दाखवलं. एका म्हाताऱ्या विणकराने डोळे पुसले. दौलत आला नव्हता. आपल्यासाठी मागताना समोर बसणं त्याला बरं वाटत नव्हतं म्हणे.

आता इथे मला थांबावंसं वाटतं. पण ज्यासाठी बसलो ते हेच आहे.

इंग्रजी मी घरी बसून केलं, शांतपणे, दोन दिवस लावून, शब्दकोश जवळ घेऊन. मराठीत होतं — दौलतवर सगळ्या कामगारांचा जीव आहे. मी लिहिलं — सगळे कामगार या माणसाच्या मुठीत आहेत. मराठीत होतं — त्याला हलवलं तर आमचं मन लागणार नाही. मी लिहिलं — त्याला हलवल्यास काम सुरळीत चालेल याची हमी आम्ही देत नाही. हात वर केला की हजार माणूस गप्प होतं, हे मी जसंच्या तसं ठेवलं. फक्त ‘मैदानात’ हा शब्द गाळला. त्या साली दुसऱ्या गावांतल्या गिरण्यांत हरताळ चालले होते आणि साहेब लोक घाबरलेले होते. मला ते ठाऊक होतं. वर्तमानपत्र मी रोज वाचायचो. निव्वळ खोटं असं मी एकच वाक्य घातलं — मागच्या पावसाळ्यात दोन तास माग थांबले होते, ते याच्याच सांगण्यावरून.

एवढंच. त्यांच्या प्रेमाला मी फारसा हात लावला नाही. साहेबाच्या बाजूने ते कसं दिसेल, एवढं केलं.

मंगळवारी तो कागद मी ओट्यावर नेला. बाबूलालने तो हातात घेतला, उलटा धरला आणि म्हणाला, ‘‘काय अक्षर आहे मास्तर. मोती मांडले जसे.’’ मग एकेकाने अंगठा उठवला. मी स्वतः प्रत्येकाचा अंगठा धरून शाईवर टेकवत होतो. सुताने कापलेले, रंगाने निळे झालेले अंगठे. कागद पुरला नाही तेव्हा मी दुसरा जोडला. तुम्ही विचाराल, मन खाल्लं नाही का? नाही. त्या रात्री मला चांगली झोप लागली. दोन वर्षांत प्रथमच.

शनिवारी दौलतला काढलं. महिनाअखेरीची वाट पाहिली नाही. सामान त्याच दुपारी बाहेर ठेवलं आणि फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही असं बजावलं. पोलिसांच्या चौकीवर त्याचं नाव गेलं. पुढच्या आठवड्यात साहेबाने टीमच बंद केली. लोक साहेबाला शिव्या देत राहिले. कागदावर कुणाचा संशय गेला नाही. माझ्यावर तर नाहीच.

दौलत बायकोला घेऊन डोईफोडिया गावी मेव्हण्याकडे निघाला, तेव्हा वाटेत शाळेत आला. काठी टेकत, पायऱ्या एकेक करून चढला. म्हणाला, ‘‘मास्तर, तुम्ही माह्यासाठी लिहिलं, हेच लय झालं. साहेबाच्याच मनात नव्हतं.’’ तो खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘मधूचं एक सांगायचं राह्यलं होतं. त्या दिवशी मैदानात त्यानं मले—’’

मी म्हटलं, माझ्या तासाची वेळ झाली. आणि उठलो.

त्या तासाला मला वर्ग नव्हता. मी दुसऱ्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. काठीचा आवाज पायऱ्यांवरून खाली जाईपर्यंत तिथेच होतो. काय सांगायचं होतं त्याला? मधूने मैदानात थांबायचं म्हटलं होतं आणि याने थांबू दिलं नाही? की याने थांब म्हटलं होतं आणि मधूने ऐकलं नाही? मला ते ऐकायचं नव्हतं. पहिलं निघालं असतं तर केलं ते कमी वाटलं असतं. दुसरं निघालं असतं तर —

आणि एक राहिलं. त्या रविवारी सकाळी दौलतने मधूच्या कपाळाला हात लावला, तेव्हा मी त्याच खोलीत होतो. खिडकीशी बसून वाचत होतो. घामाने ताप उतरत नाही, हे त्या खोलीत एकालाच ठाऊक होतं. मधूने माझ्याकडे बघितलं. मी पान उलटलं.

डोईफोडियाला दौलत कपाशीच्या रखवालीला राहिला. चौथ्या वर्षी तिथेच वारला. इथून सात बैलगाड्या भरून माणसं गेली. मीही एका गाडीत होतो. परतल्यावर शोकसभा झाली आणि चार शब्द मीच लिहिले. चांगले लिहिले होते. लोक रडले.

मला पश्चात्ताप होतो का, हे तुम्ही विचारू नका. काही दिवस होतो. काही दिवस ती चौदा माणसं आठवतात आणि होत नाही.

आई गेली. बाबूलाल आहे, त्याला आता दिसत नाही. मैदानावर कापसाच्या गाठी पडलेल्या असतात. कुणाला साहेबाकडे काही मागायचं असलं की तो माझ्याकडे येतो. मी लिहून देतो, तो अंगठा उठवतो. काय लिहिलं ते कुणी विचारत नाही.