मेल्विनाचा फ्रॉक

कट्टा गावच्या एसटी थांब्यासमोर जेरीचा फोटो स्टुडिओ आहे. त्याचा बाप आंतोन मागच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धूत असे. जेरी त्याच खोलीत कॉम्प्युटर लावून बसतो. खाऱ्या हवेने आणि बुरशीने इथल्या भिंतींवरची माणसं दुसऱ्यांदा मरतात. जेरी त्यांचे डाग काढतो, उडालेला रंग परत भरतो.

त्याची एक रीत आहे. आधी फोटोतली पांढरी वस्तू शोधायची. ती पांढरी केली की चेहरे, केस, माती आपापल्या रंगावर येतात. त्याच्या ख्रिस्ती समाजाच्या फोटोंत पांढरं शोधावंही लागत नाही. नवरीचा झगा, पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कोमुन्यांव, घेणाऱ्या मुलीचा फ्रॉक. ते पांढरंच असतं. त्यात विचारायचं काय?

फेलिसिदादने आणलेला फोटो असाच होता. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर तिची लेक मेल्विना, आठ वर्षांची, हातात मेणबत्ती. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा दिवस. त्यानंतर अकराव्या दिवशी पोर वहाळात बुडाली. चाळीस वर्षांत फोटो पिवळा पडला होता आणि तोंडावर तपकिरी डाग चढला होता.

"तिचा तोंड विसारतंय रे जेरी," म्हातारी म्हणाली. "डोळेय जाऊक लागले. त्याच्याआधी एकदा दाखव."

जेरी आठ दिवस त्या डागाखाली गाल शोधत राहिला. फ्रॉक पांढरा केला, तसं तोंड उजळलं. फेलिसिदादने फोटो नाकाला लावून पाहिला. बराच वेळ.

"हांच गो माझा चेडू," ती फोटोशीच बोलली.

दोन महिन्यांनी ती परत आली. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात तोच उजळलेला फोटो.

"ह्यो पांढरो कित्याक केलंस?"

"माय, कोमुन्यांवाचो फ्रॉक पांढरोच नाय? तूच तेव्हा बघून घेतलंस."

"तेव्हा माका पिवळो दिसलो. मोतीबिंदूत सगळाच पिवळा दिसता, डाक्टर म्हणालो. आता काढलो, तेव्हा कळला."

मग तिने स्टुलावर बसून सांगितलं. आदल्या दिवशी तिच्याच हातून इस्त्रीचा निखारा पडून पांढरा फ्रॉक जळला होता. तिने आपला पिवळा परकर फाडला आणि पहाटेपर्यंत दुसरा शिवला. पोर मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत रडली. सिस्टरने तिला शेवटच्या रांगेत उभी केली.

"पांढरो तिका मगे मिळालो," फेलिसिदाद म्हणाली. "शेजारणीच्या चेडवाचो. मरणाच्या पेटयेत घालताना. तू माका पेटयेतली मेल्विना दिलंस रे."

जेरीने कॉम्प्युटरवर फोटो पुन्हा उघडला. पांढरा फ्रॉक हळदीच्या रंगाचा केला.

"नाय."

पिकल्या करमलाच्या फळाचा केला.

"असो नाय... कदाचित असात पण."

सोनचाफ्याचा केला, मग फिकट, मग त्याहून फिकट. जुन्या फोटोतला फ्रॉक जसाच्या तसा उचलून लावला, तर तो उजळ तोंडाखाली मळका दिसला. दरवेळी म्हातारीचं 'नाय' हळू होत गेलं. शेवटी तिने चष्मा काढला, ओले डोळे पुसले.

"बंद कर. परकराचो रंग माझ्या डोळ्यांत होतो. ऑपरेशनापासून पंधरा दिवस ह्यो पांढरो बघलंय, तो पुसान गेलो."

"माय, अजून एक बघूया."

"कितके बघशीत? तुका म्हायत नाय, माका म्हायत नाय. माझो जुनो फोटो खंय आसा?"

त्याने पाकिटातून मूळ फोटो काढून दिला. पिवळा, बुरशीचा. त्या पिवळ्यात परकराचा रंग किती आणि काळाचा किती, हे त्याला कधीच वेगळं करता आलं नसतं. तोंडाच्या जागी तपकिरी डाग.

"ह्यात तोंड दिसत नाय माय."

"दिसूक नको." तिने तो पदरात गुंडाळला. "ह्यात ती मरूक नाय अजून."

पांढऱ्या फ्रॉकचा फोटो तिने टेबलावर पालथा ठेवला आणि ती थांब्याकडे गेली.

जेरीने तो उलटला. काम चांगलं झालं होतं. समोरच्या भिंतीवर त्याची आई होती, नवरीच्या झग्यात, बापाने जपलेल्या जुन्या फोटोवरून त्यानेच गेल्या वर्षी उजळवलेली. झगा पांढराशुभ्र. खरा रंग विचारायला आता कोणी उरलं नव्हतं.