सही होणार, अशी बातमी

आशियातल्या देशांच्या एका मोठ्या व्यापार करारात भारत राहणार की बाहेर पडणार, यावर कित्येक वर्षं बोलणी चालली होती. पुण्याच्या एका दैनिकात व्यापाराचं पान माझ्याकडे होतं. करार झाला तर परदेशी दूध भुकटी स्वस्तात येईल आणि इथल्या दुधाचा भाव पडेल, अशी भीती होती. त्यासंदर्भात वाघोलीतल्या एका गोठेवाल्याशी मी बोललो होतो. चारही बाजूंना नव्या इमारती आणि मध्ये त्याचा सात गाईंचा गोठा. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन यायचा. प्रश्न एकच.

"सायेब, सही व्हनार का?"

गाई ठेवायच्या की विकायच्या, हे त्याला त्यावरून ठरवायचं होतं. गुरांचा एक व्यापारी आठवडाभर गोठ्यावर खेपा घालत होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दिल्लीतल्या एका अधिकाऱ्याचा मला आपणहून फोन आला. मतभेद मिटलेत, सही होतेय, असं तो म्हणाला. त्याआधी माझे तीन फोन त्यानं उचलले नव्हते. हे मला खटकलं. तरी मी बातमी दिली. माहिती देणारा एकच होता. छापताना नेहमीप्रमाणे 'सूत्रांनी सांगितले' झालं.

सोमवारी सकाळी व्यापारी आमचा अंक हातात घेऊनच गोठ्यावर पोहोचला. जनावरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं टॉवेलखाली हात घालतात आणि बोटं दाबून ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. हात सुटले की सौदा पक्का. त्या सकाळी हात सुटले.

संध्याकाळी बातमी आली. भारत करारातून बाहेर पडला होता.

मंगळवारी दुपारी मी वाघोलीला गेलो. गाई न्यायला टेम्पो यायचा होता. गोठेवाल्याची बायको त्याला म्हणत होती, "येवढा देश उठून बाहेर आला. तुमास्नी एक व्यापारी परत धाडता येईना?"

"देशाला जनावरांच्या बाजारात उभं ऱ्हायचं नसतं," तो म्हणाला. "मला ऱ्हायचंय."

बातमी चुकली होती, असं व्यापाऱ्याला सांगायची तयारी मी दाखवली.

"त्याला ठावं हाय. काल सांजच्याला त्यानंच फोन करून सांगितलं मला. हसत हुता." मग गोठेवाल्यानं विचारलं, "तुमाला कुनी सांगितलं हुतं, सही व्हनार म्हनून?"

"नाव सांगता येत नाही. आमच्या कामाचा नियम आहे."

"असंल," बायको म्हणाली. "समद्यांचं नियम हायेत. गाई तेवढ्या आमच्या जात्यात."

टेम्पो आला. व्यापारी उतरला, माझ्याकडे पाहून त्यानं नमस्कार केला.

"या साहेब. बातमी झकास होती."

माझ्या स्कूटरवर 'प्रेस' लिहिलेलं होतं. त्यावरून त्यानं ओळखलं असावं. नवरा-बायको दोघंही माझ्याकडे बघत होते. या माणसाला मी पहिल्यांदाच पाहतोय, असं मी सांगितलं.

"बरं," गोठेवाला म्हणाला आणि पहिल्या गाईचं दावं सोडू लागला.