सोयरिकीआधीची खाज

सांगलीहून निघताना बायकोने एकच काम सांगितले होते: घर नीट बघून या. आमच्या सुप्रियाने पुण्यात नोकरी करताना नितीन नावाचा वाशीम जिल्ह्यातला मुलगा पसंत केला होता. मुलगा आम्ही पाहिला होता, घर कुणीच पाहिले नव्हते. चातुर्मासात आमच्याकडे सोयरीक ठरवत नाहीत, पण घर पाहायला मनाई नाही. शिवाय नितीनच्या वडिलांचे, रामरावजींचे, फोनवर बोलावणे होते, "पोळ्याले या. आमाले पाहा, बैलं बी पाहा." मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि मधला फरक, यापलीकडे मी सहसा कशावर विश्वास ठेवत नाही. म्हणूनच बायकोने मला पाठवले.

वाशीमला रेल्वेतून उतरून मंगरूळपीरची एसटी धरली, तिथून मानोऱ्याची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन, मधून तुरीच्या ओळी. मी सवयीने मोजत होतो: कुठे सहा ओळींमागे तुरीची एक, कुठे चारांमागे एक. मानोरा जवळ येऊ लागले तसे जमिनीला चढउतार आले आणि साग-पळसाचे रान सुरू झाले.

"कोनाकडे चालले जी?" शेजारच्या गृहस्थांनी विचारले. मी रामरावजींचे नाव आणि येण्याचे कारण सांगितले.

"पाहा, चांगलं पाहा. पोराची माय मोठी कडक हाये मात्र."

"तुम्हाला माहीत आहेत का त्या?"

"माही सख्खी मावसबहीण हाये," असे म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले ते स्टँड येईपर्यंत.

नितीन मोटारसायकल घेऊन आला होता. गाव मानोऱ्याच्या पुढे, रानाला लागून. घर स्लॅबचे, स्वच्छ, बाजूला गोठा. अंगणात रामरावजी आणि त्यांचे धाकटे भाऊ प्रल्हादराव उभे होते. रामरावजींनी माझी पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि मी तो हात पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या. प्रल्हादरावांच्या मानेवरही तेच. नितीनकडे वळून पाहिले, तर तो कॉलरमध्ये बोट घालून खाजवत होता. मी पिशवी घट्ट धरून लांबूनच नमस्कार केला. नितीनच्या आईच्या अंगावर मात्र काही नव्हते.

तीन पुरुष, तिघांनाही. बाई एक, तिला नाही. हिशेब सरळ होता. काहीतरी वंशातले, पुरुषांकडून चालत आलेले.

चहा पिताना मी आडून विचारले, "घरात कुणाला काही जुनं दुखणं वगैरे?"

"माही कंबर," रामरावजी म्हणाले.

"नाही, म्हणजे, हे हातावरचं?"

"हे? हे तं दरसाल येते जी, पोळ्याच्या टायमाले."

"दरवर्षी?"

"आमच्या बापाले बी यायचं," प्रल्हादरावांनी पुस्ती जोडली. "त्याईले तं पाठीवर यायचं."

माझा चहा निवून गेला. तेवढ्यात सुप्रियाचा फोन आला. "बाबा, कसं आहे घर?" मी म्हणालो, "बघतोय." एवढ्यावरून तिने फोन ठेवला. माझ्या 'बघतोय'चा अर्थ तिला लहानपणापासून माहीत आहे.

आंघोळीला नितीनच्या आईंनी धुतलेला टॉवेल काढून दिला. माझ्याकडे माझा आहे, असे सांगून मी तो परत केला. आंघोळीनंतर टॉवेल आणि बनियन वाळत घालायची वेळ आली. अंगणातल्या दोरीवर तिघा पुरुषांचे कपडे होते, बरीच मोकळी जागाही होती. पण मी खबरदार माणूस. गोठ्याच्या भिंतीला पळसाच्या फांद्यांचा मोठा भारा टेकून ठेवलेला होता, पाने हिरवीगार, ऊनही थेट त्यावर. मी माझे कपडे त्या भाऱ्यावर पसरले. नितीनच्या आईंनी दारातून आधी दोरीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि त्या आत गेल्या.

दिवस कलताना तेच बनियन अंगात घालून मी खांदमळणी पाहायला उभा राहिलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वर्षभर जू ओढलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतात आणि पळसाच्या पानांनी शेकतात. रामरावजी बैलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे आमंत्रण. बैलाला आदल्या दिवशी रीतसर जेवणाचे बोलावणे करणारी माणसे मला आवडली असती, पण माझे लक्ष नव्हते. पाठीत सुया टोचत होत्या. आधी वाटले घाम, मग वाटले मनाचे खेळ. मी गोठ्याच्या खांबाला हळूच पाठ घासली. तिथून आग मानेवर आणि काखेत गेली.

"भाऊ, तुमी काहून खाजवून राह्यले?" रामरावजींनी विचारले.

"काही नाही."

"बनियन कुठं वाळू घातली होती?"

मी भाऱ्याकडे बोट केले. प्रल्हादराव मटकन खाली बसले आणि पोट धरून हसू लागले. रामरावजींनी एक फांदी उलटी करून दाखवली. पानाच्या मागे केसाळ सुरवंट एकमेकांना चिकटून बसले होते. खांदमळणीसाठी घरातले पुरुष दरवर्षी रानातून पळस आणतात, भारा खांद्यावरून येतो आणि सुरवंटाचे केस अंगात रुततात. एवढेच ते वंशातले दुखणे.

"सांगायचं तरी," मी म्हणालो.

"आता याच्यात सांगाचं काय?" रामरावजी म्हणाले. "सोयरीक व्हायची तवा होईन, खाज तं एक झाली."

नितीनच्या आई हसल्या नाहीत. "दोरीवर जागा होती ना भाऊ," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, आमची दोरी चालत नाई तुमाले. म्हटलं, आता पोरीले नाई म्हनतीन हे."

खरे तर नकार मी मनात तयारही करून ठेवला होता.

रामरावजी घोंगडी घेऊन आले. सुरवंटाच्या केसांना घोंगडी घासायची, असा जुना उपाय. "घासू नका, आणखी आत जातीन," म्हणून त्यांच्या पत्नीने ती काढून घेतली. नितीनने चिकटपट्टी आणली. मला बाजेवर उघडे बसवून तो पट्टी अलगद चिकटवायचा आणि अलगद उचलायचा, प्रत्येक वेळी नवा तुकडा. दुखतंय का, असे अधूनमधून विचारायचा. त्याच्या स्वतःच्या मानेवर गांधी तशाच होत्या. मग साबणपाणी. माझे सगळे कपडे त्याच्या आईंनी गरम पाण्यातून काढले आणि त्यांच्या दोरीवर, त्यांच्या कपड्यांमध्ये घातले. जेवायला रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात चुरून) आणि वांग्याची भाजी होती. प्रल्हादराव मला दर घासाला विचारत होते, "खाज कुठवर आली?"

सकाळी एक डोळा सुजला, म्हणून नितीनने मानोऱ्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, "पळस?" आम्ही दोघांनी हो म्हटले. "हे एकापासून दुसऱ्याला लागत नाही. केस मात्र कपड्यांवरून येतात. डोळा चोळू नका. श्वासाला त्रास झाला तर लगेच या." गोळ्या दिल्या, आणि वर म्हणाले, "पाहुण्यांना पळस नाही, पुरणपोळी द्यायची असते."

पुरणपोळीही मिळाली. एका डोळ्याने पोळा पाहिला. झुली, बेगड, शिंगांना रंग, आणि तोरणाखाली बैल इतके की मोजायचे राहून गेले.

सांगलीला पोहोचलो तेव्हा गांधी गेल्या होत्या, सुप्रियाही पुण्याहून येऊन बसली होती. बायकोने शेती विचारली, विहीर विचारली. मी आकडे दिले. मग तिने विचारले, "आणि माणसं?" याचा आकडा माझ्याकडे नव्हता. मी नितीनच्या आईंना फोन लावला आणि बायकोच्या हातात दिला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "भाऊची खाज गेली का?"

"कसली खाज?" बायकोने माझ्याकडे पाहत विचारले. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली, मग तोंडाला पदर लावला, मग खोलीत जाऊन दार लोटून घेतले. आतून हसणे ऐकू येत होते. सुप्रिया दाराला कान लावून उभी होती. मला हाताने गप्प बसायला सांगत होती.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरायचा ठरलाय." माझे मत काय, हे कुणी विचारले नाही. विचारले असते, तर त्याआधीचा मिळतो का, असे मी म्हणणार होतो.