पानात टाकलेली भाकरी

त्या रविवारी संध्याकाळी ज्याला मी सांगलीच्या हळदपेठेमागे खाऊ घालत फिरवलं, त्याच्यावर माझा दीड वर्षाचा राग होता. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढे मी उगाच चांगला वाटेन.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माण तालुक्यातून सांगलीला आलो ते बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा रेशनवर मिलो नावाची परदेशी, तांबडी ज्वारी मिळायची. आईने तिच्याच भाकरी बांधून दिल्या होत्या. वसतिगृहात पहिल्या दिवशी फडकं सोडलं, तर समोरच्या खाटेवरच्या मुलाने एक भाकरी दोन बोटांत उचलली आणि साऱ्या खोलीला दाखवली. "आमच्याकडं ही बैलं सुदीक खात न्हाईत गड्या!" तो कृष्णाकाठच्या बागायतदाराचा मुलगा. त्या दिवसापासून माझं नाव 'मिलो' पडलं.

नाव मी सोसलं. पण एकदा वडील भेटायला आले. खांद्यावर घोंगडं, हातात शेंगांची पिशवी. फाटकाशीच तो ओरडला, "ए, मिलोचं वडील आलं रं!" वडिलांना वाटलं, शहरात पोराला काहीतरी लाडाचं नाव पडलं असेल. ते हसून म्हणाले, "व्हय व्हय, मीच." पोरं खिदळली, तसे वडील आणखी हसले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मिलो म्हंजी काय रं?"

"हुशार," मी म्हणालो.

ते खूश होऊन एस.टी.त चढले. मी मात्र तिथेच ठरवलं, की याला एकदा सगळ्यांसमोर खाली बसवायचं. कसं ते माहीत नव्हतं. भांडायची माझी छाती नव्हती आणि बोलायला गेलो की शब्द अडकायचे.

उपाय उन्हाळ्याच्या सुट्टीत सापडला. माझे मामा हळदीच्या वखारीत हमाल होते. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर पोती उचलली आणि दोन्ही वेळा वखारीमागच्या खानावळीत जेवलो. ती चालवणारी बाई आमच्याच दुष्काळी भागातली, सगळे तिला मावशी म्हणत. तिचा एकच कायदा होता. ज्याने पानात टाकलं, त्याने त्या पंगतीची सगळी ताटं घासायची. एकदा तिने एका मुकादमालाही घासायला बसवलेलं मी पाहिलं होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची. त्या दिवशी खोलीत आम्ही चौघं होतो आणि कुठे खायचं यावर वाद चालला होता. मी हळूच म्हणालो, "मी दाखवू का? पेठेच्या मागं लई चांगलं मिळतं."

"मिलो दाखवणार?" तो हसला. "चल. बघू तरी तुमी काय खाता."

आधी मी त्यांना भडंगवाल्याकडे नेलं. लोखंडी कढईत लसूण तडतडत होता, चुरमुरे तांबडे होत होते. एकेक पुडा संपला. मी त्याच्यासाठी आणखी एक घेतला. मग हमाल चहाला बसतात त्या टपरीवर कटात बुडवलेला वडा. दोघांनी एकेक खाल्ला. मी म्हणालो, "इथले लोक तीन खातात म्हणे." त्याने तीन खाल्ले. नाक गळायला लागलं, कपाळावर घाम आला, पण मागे हटेना.

पुढे गवळ्याचा गोठा होता. धारा काढायचीच वेळ होती. गवळी समोरच धार काढून फेसाळ दूध पितळी पेल्यात द्यायचा. तोंड भाजलं होतं म्हणून त्याने एक पेला घटाघट प्यायला. मी म्हणालो, "शहरातल्या पोरांना दुसरा जात नाही."

"आमच्या दावणीला बारा म्हशी हाईत!" म्हणत त्याने दुसराही संपवला. मी स्वतः एका वड्यावर थांबलो होतो.

मग मी सगळ्यांना मावशीच्या दारात नेलं. आत दहाबारा हमाल जेवत होते, सगळ्यांच्या अंगावर हळद. आम्ही भिंतीशी बसलो. मावशीने न विचारता जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटांत बोटभर जाड बाजरीची भाकरी, खर्डा आणि हुलग्याच्या पिठाचं वाटीभर पातळ माडगं वाढलं.

"हे काय?" त्याने वाटी हुंगली.

"आमच्याकडचं," मी म्हणालो. कायद्याबद्दल काही बोललो नाही. इतर दोघांना मात्र वाटेतच सांगून ठेवलं होतं.

त्याचा वेग घासागणिक कमी होत गेला. मी माझ्या ताटाकडे बघतच नव्हतो. त्याने अर्ध्या भाकरीशी हात थांबवला, पट्टा सैल केला, सुस्कारा सोडला. आणि मग जे केलं ते मला मागूनही मिळालं नसतं. तांब्या उचलून त्याने भाकरीवरच हात धुतले.

सगळ्या पंगतीच्या माना त्याच्याकडे वळल्या. मला नीट दिसावं म्हणून मी उठून उभाच राहिलो.

"आवं पावणं," मावशी चुलीपासून म्हणाली, "त्या भाकरीनं काय पाप केलंतं?"

"पोट भरलं मावशी."

"मग पानावर कशाला बसायचं? उठा. राख तितं हाय, काथ्या तितं हाय. समद्यांची घासायची."

तो माझ्याकडे बघायला लागला. हमाल हसत आपापली ताटं मोरीपाशी नेऊन ठेवू लागले. एकजण म्हणाला, "बागायतदार दिसत्यात. सावकाश घासा, घाई न्हाई." तो लाल झाला, पण बाहेर जायच्या वाटेवर दहाबारा हमाल उभे होते. तो मोरीवर उकिडवा बसला.

मी हसत होतो. उघड, दात दाखवून. तेवढ्यात मावशीने माझ्या ताटाकडे बोट केलं. "आन तुजं रं?"

माझी पाऊण भाकरी तशीच होती. माडग्यावर साय धरली होती. त्याच्याकडे बघण्याच्या नादात मी जेवलोच नव्हतो. मी घाईने खाली बसायला गेलो.

"न्हाई. पानावरनं उठलास की जेवण झालं. तुला ठावं असून टाकलंस, तुजा गुन्हा मोठा."

मोरीवर तो मोठ्याने हसला. "ये मिलो, ये! जागा ठिवलीय."

मी त्याच्याशेजारी बसलो. त्याने घासायची आणि मी विसळायची, अशी वाटणी मावशीने केली. पहिलं ताट त्याने माझ्यापुढे सरकवलं. मी ते उजेडाकडे धरलं, सावकाश फिरवलं आणि परत दिलं.

"कडेला राहिलंय."

त्याने घासलं. मी परत दिलं. "मागच्या बाजूला."

"आता झालं न्हवं?" तिसऱ्यांदा त्याने विचारलं. त्याच्या बोटांना राख लागली होती आणि आवाजात विनंती होती. ताट दुसऱ्याच वेळी लख्ख झालेलं होतं. मला वडील दिसत होते, फाटकाशी हसणारे.

"अजून एकदा घास," मी म्हणालो. माझा शब्द कुठेही अडकला नाही.