दोन झाकलेल्या वाट्या

पोरी, फोन ठेवू नको अजून. असा फोनवर निरोप देऊन मोकळी होतीस होय गं? "मोठी आई, माझ्या डोहाळजेवणाला या, पण एकट्याच या." वेडी कुठली. तुला न्हाऊ घातलंय मी. आता ऐक, मधी बोलू नको.

तुझ्या आईचं डोहाळजेवण होतं, तुझ्या भावाच्या येळचं. लातुरात, तुमच्या क्लासच्या वरच्या हॉलात. खाली पोरं डॉक्टर व्हायला शिकायलेली. वर झोपाळ्यावर तुझी आई, हिरव्या शालूत. मागं मी, पुऱ्या तळायलेली. क्लासच्या पोरांची मेस मीच चालवायची. भूकंपात तुझे मोठे बाबा भिंतीखाली गेले, मी पोटुशी. पत्र्याच्या शेडात बाळंत झाले, मग तुमच्याच आसऱ्याला आले.

चौरंगावर दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर पोरगा, बर्फी निघाली तर पोरगी. तुझी आई हात पुढं करणार, तेवढ्यात माझं लेकरू घुसलं. नऊ वर्षांची बबी. बोलणं थोडं, नजरेला नजर न्हाई. झाकलेलं काही दिसलं की उघडायचंच. दोन्ही झाकणं काढून तिनं हारीनं मांडली. पेढा उचलून छातीशी धरला.

"मी पेढा. मी बर्फी न्हाई."

बायका हसल्या. माझी सासू, तुझी आजी, न्हाई हसली. दंड धरून लेकरू जिन्यात ढकललं. "भूकंपाला भ्यालेल्या पोटाचं हे! धड पोरगी न्हाई, धड पोरगा न्हाई. सावली नको माझ्या सुनेवर." मग माझ्याकडं वळून, "तू पुऱ्या तळ."

जिन्यातून आवाज यायलेला. लेकरानं भिंतीवर डोकं आपटून घेतल्याचा.

कढईतला घाणा काढला. दुसरा सोडला न्हाई. गॅस बंद केला, लेकराचा हात धरला आन् उतरले. पाठीमागनं कुणी हाक मारली न्हाई. तुझ्या आईनं बी न्हाई.

जायचं कुठं? आधी एक डॉक्टर म्हणालेला, "हे पोरांना होतं, पोरींना न्हाई. लाडानं बिघडलीय." नांदेडात एका डॉक्टरीणबाईनं नीट बघितलं. म्हणाली, "हा ऑटिझम. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी. तुम्ही भ्यालात म्हणून न्हाई झालं. पोरींमधी लवकर ध्यानातच येत न्हाई, कुणी तसं बघत न्हाई." मी पेढ्याचं विचारलं, लेकरू स्वतःला पोरगा म्हणतंय त्याचं. म्हणाली, "अशा लेकरांत हे जरा जास्त दिसतं. का, ते पुरतं कुणालाच ठाऊक न्हाई. पण कुणी शिकवलेलं न्हाई, आन् मारून जाणार न्हाई."

इतकी वर्षं मी स्वतःच्याच पोटाला शिव्या घालून झोपायची गं.

आज तो तिशीचा हाय. हाव, तो. अर्धापुरात केळीच्या वखारीत घड लावतो, एक फणी वाकडी नसती. लोक दारावरनं जाताना त्याला चिडवायला अजून टाळ्या वाजवतात. मला एकच धास्ती खाते. मी मेल्यावर याला हाक कोण मारील? आन् काय म्हणून मारील?

म्हणून सांगते. एकटी येणार न्हाई. तुझ्या हॉलात न्हाई, कुणाच्याच न्हाई. तुझी ओटी भरल्याबिगर राहिली तरी चालंल.

तूच ये. पोट घेऊन ये, लौकर ये. पेढा बी ठेवते, बर्फी बी. वाट्यांवर झाकण नसंल. आन् दारात आलीस की आधी त्याला दादा म्हणून हाक मार. मग मला.