चुन्याखालचा पंजा

ओल्या चुन्याचा वास आला की मला चंद्रपुरातली गोंड राजाची ती समाधी आठवते. आम्ही लेझर स्कॅनरने तिची नोंद करत होतो आणि तिला चुना लावणारे म्हातारे मिस्त्री सावलीत बसून पाहत होते. दुपारी मी ऐटीत त्यांना लॅपटॉपवर गुळगुळीत भिंतींचं मॉडेल दाखवलं. ते बराच वेळ पाहून म्हणाले, "बाई, दरवाजावरचा आमच्या अब्बाचा हात कुठी गेला? काम पुरं झालं का ओल्या चुन्यावर पंजा ठेवतो आम्ही. मी वरून चारदा चुना मारला, पण तो दबला नाई." मॉडेल गुळगुळीत करताना खडबड समजून तो मीच पुसला होता. घाईघाईने स्कॅनची मूळ नोंद उघडली, पडद्यावरच्या भिंतीवर पडणारा उजेड तिरका केला, आणि भिंतीतून हळूहळू पंजा वर आला, करंगळी अर्धीच असलेला. मी खुर्चीवरून उडालेच. "चुना दळायच्या बैलघाणीत तुटली होती त्याहिची," म्हणत मिस्त्रींनी आपला पंजा पडद्यावरच्या त्या पंजावर टेकवला. आजही कुठलीही भिंत गुळगुळीत करण्याआधी मी तिथल्या मिस्त्रीला विचारते, "इथे कुणाचा हात आहे का?"